बिनड्रायव्हरच्या गाडीतून खांडबाऱ्याला

गाडीत ड्रायव्हरच नसेल तर तुम्ही बसाल का? लगेच हो म्हणू नका. पुढची सीट रिकामी, स्टेअरिंग आपलं आपण फिरतंय, ब्रेकवर कुणाचा पाय नाही आणि तुम्ही मागे बसलेले. बसाल?

शहाद्याच्या एसटी स्टँडबाहेर नंदुरबारच्या काळ्यापिवळ्या जिपा लागतात, तिथे मी हा प्रश्न विचारून पाहिला. मी त्या स्टँडवर असतेच. बस रद्द झाली की आत जाऊन भांडायचं काम माझं, आणि ते मला कुणी शिकवलेलं नाही. तर एक मिशीवाले गृहस्थ म्हणाले, "मेलो तरी बसणार नाही." जीपवाला लखन म्हणाला, "ड्रायव्हरच नही तं शिव्या कोनले देवान्या?" सगळे हसले. बाकावर एक बाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. ती मात्र हसली नाही.

"मी बसेल शे ना," ती म्हणाली. "एकदाव नही, रोज. आनि खरं सांगू? आख्खा जनममा गाडीमा इतली निवांत मी कव्हय बसनी नही."

या वत्सलाबाई. सगळे त्यांना जिजी म्हणतात. साठी ओलांडलेली, गुजर घरातली बाई. शहादा-नंदुरबार रस्त्यावर प्रकाशा गावाच्या अलीकडे एक फाटा आहे, तिथून आत तापीकाठी त्यांचं गाव. घरी केळी, कापूस, थोडा ऊस. नवरा गोपालआप्पा कमी बोलणारा, पण गावाचं फार ऐकणारा. लेक मयूरी अमेरिकेत फिनिक्स नावाच्या शहरात. तिच्या बाळंतपणासाठी जिजी तिकडे गेल्या आणि थंडीचे दिवस तिथे काढून आल्या.

निवांत हा शब्द माझ्या डोक्यात अडकला. आमच्याकडची जीप म्हणजे पुढे चार, मधे पाच, मागे देव जाणे किती, आणि टपावर बोकड. निवांत कसली! पण जिजींना गर्दीचा त्रास कधीच नव्हता. त्यांना त्रास एका प्रश्नाचा होता. "कोठे चालनी व माय?"

हा प्रश्न आमच्याकडे ड्रायव्हर गिअर टाकायच्या आधी विचारतो. आणि ड्रायव्हर कोण? कुणाचा भाचा, कुणाच्या जावयाचा भाऊ, कुणाच्या शेतातला जुना वाटेकरी. बाई उतरायच्या आत तिच्या घरी कळलेलं असतं. जिजींना खांडबाऱ्याला जायचं होतं. साधं खांडबारा! नवापूर तालुक्यातलं बाजाराचं गाव, रेल्वेचं स्टेशन आहे. तिथे त्यांची धाकटी बहीण राहते, मंगला. मंगलाने रेल्वेच्या गँगमध्ये काम करणाऱ्या उखा गावीत नावाच्या कोकणी जमातीच्या माणसाशी आपल्या मनाने लग्न केलं. त्याला तीस वर्षं होऊन गेली. गुजराची पोरगी आदिवासीच्या घरात गेली म्हणून माहेरच्यांनी तिच्या नावाने अंघोळ केली. जित्या पोरीच्या नावाने! हे लिहितानासुद्धा माझं डोकं सटकतं. आणि जिजींच्या सासरच्यांनी सांगून टाकलं की आता तुला बहीण नाही.

जिजी दोनदा निघाल्या. पहिल्या वेळी नंदुरबारच्या स्टँडवर उतरल्या तर समोर दीर फटफटी घेऊन उभा. "वहिनी, चला, घरी पाहुणे आलेत." घरी कुणी आलेलं नव्हतं. दुसऱ्या वेळी तर प्रकाशाचा पूलसुद्धा ओलांडू दिला नाही. दोन्ही वेळा निरोप ड्रायव्हरनेच पोचवला होता, आणि त्या ड्रायव्हरच्या मनात वाईट काहीच नव्हतं. त्याला वाटलं, आप्पांच्या घरची बाई एकटी निघाली, सांगायला हवं.

तर अशी बाई अमेरिकेत गेली.

तिथे आधी साधी मोबाइलवरची टॅक्सी. आपल्याकडे पुण्याला, सुरतला असते तशीच. नाव टाकायचं, गाडी येते, ड्रायव्हर असतो. मयूरीने भेंडी आणायला जिजींना अशा टॅक्सीत बसवून दिलं. जिजी खूश. इथे आपल्याला कोण ओळखतो! ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. कपाळावरचं कुंकू पाहिलं, पदर पाहिला आणि म्हणाला, "केम छो बेन? कया गामनां?"

माणूस बारडोलीकडचा निघाला. आमच्याकडच्या गुजर घरांत अहिराणीसोबत जी बोली चालते ती गुजरातीच्याच अंगाची, त्यामुळे जिजींना लपायलाही जागा उरली नाही. दुकान येईपर्यंत त्याने जिजींच्या गावाचं नाव काढून घेतलं, त्या गावातल्या एका सुनेचं माहेर बारडोलीजवळ असल्याचं शोधून काढलं आणि शेवटी विचारलंच, "एकलां ज नीकळ्यां?" रविवारी देवळात गेल्या तर चार बायका विचारायला हजर. मयूरीबेननी बा एकटीच भेंडी आणायला गेली होती म्हणे!

जिजींनी मला हे सांगितलं तेव्हा मी स्टँडच्या बाकावरून खाली पडायची बाकी होते. सात समुद्र ओलांडले, पण आमचा जीपवाला तिथेही पोचलेला!

मग मयूरीने दुसरी गाडी बोलावली. पांढरी, टपावर गरगर फिरणारा डबा. दार उघडलं. आत कुणी नाही. जिजींना वाटलं, ड्रायव्हर चहाला गेला असेल. त्या मागच्या सीटवर बसल्या आणि वाट बघू लागल्या. गाडीतून इंग्रजीत बाईचा आवाज आला. त्यांनी "हा, हा" म्हटलं. फोनवर मयूरी ओरडत होती, "जिजी, पट्टा लाव आणि समोरचं बटण दाब! गाडी निघेल."

"निंघी कशी? आजून भरनी नही ना!"

खोटं वाटेल, पण ही बाई खाली उतरली. आमच्याकडे अर्धी रिकामी जीप निघाली असं कुणी कधी पाहिलंय? जीप भरते आणि मग हलते, हा आमच्या रक्तातला नियम. जिजींनी दार धरून ठेवलं आणि रस्त्यावरच्या माणसांना हाका मारायला सुरुवात केली. "या, या, जागा शे! बसा!" बसच्या थांब्यावर सामानाच्या पिशव्या घेऊन एक म्हातारी गोरी बाई उभी होती. तिला शब्द कळले नाहीत, पण हात कळला. ती आली. तिच्यासोबत तिची मैत्रीण आली, काठीवाली. जिजींनी काठीवालीला आधी आत घातलं, मग पिशव्या, मग दुसरीला, आणि शेवटी स्वतः दाराशी दाटून बसल्या. गाडीतला आवाज दार लावा, दार लावा म्हणत असावा. फोनवर मयूरी रडकुंडीला आलेली.

"जिजी, ती आपली एकटीची गाडी आहे!"

"इतली मोठी गाडी एकलीनी? पाप लागी, पोरी!"

त्या दोघी बायका दुकानापर्यंत हसत गेल्या. पुढचं चाक आपलं आपण वळलं तेव्हा तिघींनी एकमेकींचे हात धरले. उतरताना काठीवालीने जिजींच्या गालाचा मुका घेतला. नाव काय, गाव काय, जिजींना आजही माहीत नाही.

मग नात झाली. दवाखान्यात मयूरीला घरचं जेवण हवं म्हणून जिजी रोज डबा घेऊन त्याच गाडीतून जाऊ लागल्या. आता कुणाला हाका मारायच्या नाहीत, असं जावयाने हात जोडून सांगितलेलं. त्या एकट्या बसत. गाडी लाल दिव्याला थांबे, माणूस रस्ता ओलांडत असला तर थांबे, हॉर्न म्हणून नाही. आणि कुणी काही विचारत नसे. पहिले दोन दिवस जिजींना चुकल्यासारखं वाटलं. पुढच्या सीटकडे बघून त्या स्वतःच सांगत, "दवाखानामा चालनी बरं का, मन्ही आंडेर मयूरी बाळंत व्हयनी." मग एक दिवस त्यांच्या तोंडातून भलतंच निघालं.

"माले खांडबाराले जानं शे. मन्ही बहीनकडे."

मोठ्याने बोलल्या. बोलून दचकल्या. खिडकीतून मागे पाहिलं. गाडी शांतपणे डावीकडे वळली.

मग काय! दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडीला मंगलाचं लग्न सांगितलं. तिसऱ्या दिवशी दिराची फटफटी. रोज थोडं थोडं. मयूरीला कळलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, आत कॅमेरा असतो, सगळं दिसतं त्यांना." जिजी म्हणाल्या, "दिसू दे. त्याले अहिरानी येस का?"

बाकावर हे सांगून झाल्यावर जिजींनी माझा हात धरला. इतकं बोलल्यावर, म्हणाल्या, आता गप्प राहता येत नाही. आभाळ काही पडलं नाही. "माले खांडबाराले लई चल."

आधी त्यांच्या मनात होतं गुपचूप जायचं. पुतण्या हेमकांत शिकलेला, त्याच्याकडून त्यांनी मोबाइलवर टॅक्सीचं ॲप घालून घेतलं होतं, म्हणजे ओळखीचा ड्रायव्हरच नको. आम्ही स्टँडवर बसून ते उघडलं. गोल फिरत राहिलं. मग नकाशावर एक इवलीशी मोटार दिसली. ती सुरतमध्ये होती.

मी एसटीच्या खिडकीत गेले. खांडबाऱ्याला थेट गाडी नाही, नंदुरबारहून बदला, आणि नंदुरबारची गाडी आज उशिरा. मी तिथे जे बोलले ते इथे लिहीत नाही. परत आले तर बाक रिकामा. जिजी लखनच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसलेल्या!

लखन कोण ते सांगते. सगळ्या स्टँडवर सगळ्यात मोठ्या तोंडाचा माणूस. मनाने चांगला, पण त्याला सांगितलं म्हणजे दवंडी पिटली. कांद्याचा भाव, कुणाच्या पोरीचं जमलं, कुणाची म्हैस व्याली, सगळं लखनच्या जीपमधून जातं. मी धावत गेले आणि जिजींच्या कानाशी लागले, "अहो, हा नको! दुसरी कुठलीही जीप चालेल!"

"हाऊच पाहिजे," जिजी म्हणाल्या. "तू मांगे बस. आनि बोलू नको. भांडू तं मुळीच नको."

जीप भरली. लखनने किल्ली फिरवली आणि व्हायचं तेच झालं.

"कोठे चालनी व माय? आप्पा नही का संगे?"

जिजी समोर रस्त्याकडे बघत, मागच्या टोकाला बसलेल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "खांडबाराले. मन्ही सख्खी बहीन शे तठे, मंगला. उखा गावीतनी बायको. तिले भेटाले चालनी. आते ज्याले सांगनं शे त्याले सांग. फोन लाव. तुन्हा सगळा गाडीवाला भाऊस्ले सांग, खांडबारालोंग."

लखनचं तोंड उघडं. या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कुणी बातमी हातात आणून दिली होती, आणि तिचं काय करावं हे त्याला कळेना!

"मी कोनले काय सांगस व माय?" तो पुटपुटला.

"सांगस ना रे. तुन्हा बाप बी सांगे. लाव फोन."

त्याने फोन लावला. एकाला लावला, त्याने दुसऱ्याला लावला. तोवर मागच्या बायकांना कंठ फुटला. कोण मंगला, कधीची गोष्ट, लग्नात कुणी काय केलं. जिजी सगळ्यांना उत्तरं देत होत्या, मान वळवून वळवून. मधेच लखनला बिनड्रायव्हरच्या गाडीची आठवण झाली. त्याला ती गाडी सहन होत नव्हती.

"मंग समोर उसना ट्रॅक्टर उना तं ती काय करस?"

"थांबस."

"आनि हॉर्न?"

"वाजाडत नही."

"मंग ती काय गाडी शे!" लखन म्हणाला आणि समोरच्या उसाच्या ट्रॅक्टरला असा हॉर्न दिला की टपावरचा बोकड ओरडला.

आणि मग फाटा आला. जिजींच्या गावाचा फाटा.

रस्त्याच्या मधोमध गोपालआप्पा उभे होते. टोपी, पांढरा सदरा, हात वर केलेला. लखनने ब्रेक दाबला. मी उठलेच होते. मनात म्हटलं, आज हा माणूस आडवा आला तर मी रस्त्यावर बसते, पोलीस बोलावते, काय वाटेल ते करते. जिजींनी मागे हात घालून माझा गुडघा असा दाबला की मी गपकन बसले.

आप्पा जीपला वळसा घालून जिजींच्या दाराशी आले. थोडा वेळ टायरकडे बघत राहिले. जिजी समोर बघत होत्या. मागे एक लेकरू रडत होतं, त्याच्या आईने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"रिकामा हातनी जास का बहीनकडे?" आप्पा म्हणाले.

मग त्यांनी रस्त्याकडेला वाकून केळीचा घड उचलला. पूर्ण घड, माणसाच्या कमरेएवढा! तो जिजींच्या पायाशी ठेवायचा प्रयत्न केला, तिथे मावेना. शेवटी टपावर बोकडाच्या शेजारी बांधला. आत एक पिशवी दिली. पिशवीत घडीचं लुगडं होतं. ते त्यांनी कपाटातून कधी काढलं, कुणाला विचारून काढलं, जिजींनाही माहीत नव्हतं.

"तुम्ही बी चला ना," मागून एक बाई म्हणाली.

आप्पांनी मान हलवली. "आज नही. पुढे देखसूत." मग लखनकडे बघून, "गाडी हळू चालाड रे." आणि टोपी सारखी करत गावाकडे चालू लागले. एकदाही मागे पाहिलं नाही.

प्रकाशाचा पूल आला. मग जिजींनी पदराने नाक पुसलं आणि म्हणाल्या, "बोकड घड खाई टाकी, देखा कोनीतरी!" आणि सगळी जीप हसत सुटली.

नंदुरबारला लखनचा फेरा संपतो. सगळ्यांनी उतरायचं. लखन उतरला, जीपभोवती एक चक्कर मारली, परत आला.

"मी आते इठून मांगे गयू तं पुढे काय व्हयनं ते माले कोन सांगी?" आणि स्टँडवर उभा राहून ओरडू लागला, "खांडबारा, खांडबारा, खांडबारा!" बोकडवाला बोकड घेऊन उतरला. दोन बायकांना नंदुरबारातच काम होतं, त्या उतरल्याच नाहीत. खांडबाऱ्याच्या बाजारची माणसं चढली. जीप भरली. मगच हलली.

खांडबाऱ्यात काय होणार याची मला धास्ती होती. पत्ता फक्त स्टेशनमागचं घर, एवढाच. पण बातमी आमच्या आधी पोचलेली होती. एका ड्रायव्हरकडून दुसऱ्याकडे करत ती स्टेशनच्या रिक्षावाल्यापर्यंत गेली, आणि त्याने रिक्षा मंगलाच्या दारात नेऊन उभी केली. आम्ही वळणावर आलो तर रस्त्याच्या कडेला पंधरा-वीस माणसं. पुढे एक ठेंगणी बाई, कोपरापर्यंत तांदळाचं पीठ. भाकरी थापता थापता उठून आलेली. शेजारी उंच, पांढऱ्या केसांचा उखा, पायात चपलासुद्धा नाहीत.

जिजी उतरल्या. दोघी समोरासमोर उभ्या. सारखंच नाक, सारखीच हनुवटी.

"अक्का, तू उनी?"

"उनी ना."

"एकलीच उनी?"

"एकली कसानी? आख्खी जीप लई उनी."

मग मंगलाबाईने पिठाचे हात तसेच जिजींच्या गळ्यात टाकले. रडल्या किती ते मी सांगत नाही, हसल्या ते सांगते. कारण लखन जीपच्या बोनेटवर चढून फोनवर कुणाला तरी सांगत होता, "भेटन्यात रे! गळामा पडन्यात! थांब, आते रडी ऱ्हायन्यात... नही नही, हासी ऱ्हायन्यात!" उखाभाऊंनी त्याला खाली उतरवलं आणि सगळ्यांना आत नेलं. तांदळाची भाकरी, भाजी, वर आप्पांची केळी. नंदुरबारात काम असलेल्या त्या दोन बायकाही जेवल्या.

जेवताना मी जिजींना विचारलं, आता कुठली गाडी चांगली ते सांगा. बिनड्रायव्हरची, मोबाइलवरची, की ही?

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, विचार केला. त्या गाडीत बोलायला शिकले, म्हणाल्या. तिच्यात बसून रडलं तरी कुणी विचारत नाही, फार बरी गाडी. "पन तिन्ही मंगलाले सांगं नसतं ना, मी यी ऱ्हायनी म्हनून." लखनने हे ऐकलं आणि आणखी एक भाकरी मागितली.

आता जिजी महिन्यातून एकदा खांडबाऱ्याला जातात. कुणी विचारायच्या आधीच सांगतात. आणि पुढची गोष्ट अजून घडायची आहे, म्हणूनच मी हे लिहिलं. येत्या अखाजीला मंगलाबाई येणार आहेत. आमच्याकडे अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, लेकींनी माहेरी येऊन झोके घ्यायचा सण. मंगलाबाईंचं माहेर तर केव्हाच तुटलं, म्हणून जिजींनी आपलं घर त्यांचं माहेर करायचं ठरवलंय. आप्पांनी अंगणातल्या निंबाला झोक्यासाठी नवा दोर आणून बांधला. पण गावात कुजबुज आहे. कोण जाईल, कोण दार लावून घेईल, याचा हिशोब चाललाय. आप्पा वरून गप्प असले तरी ती कुजबुज त्यांच्या कानावर जाते, आणि ते गावाचं ऐकणारे आहेत हे मी आधीच सांगितलंय. त्या दिवशी फाट्यावर माणसं कमी दिसली तर जिजींचा सगळा आनंद तिथेच करपेल.

म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही शहाद्याचे असा, नंदुरबारचे असा, गुजर असा, पाटील असा, भिल्ल असा, मला घेणंदेणं नाही. अखाजीच्या दिवशी सकाळी त्या फाट्यावर येऊन उभे राहा. लखनची जीप थांबेल. पहिली उतरेल ती मंगलाबाई. तिला हाताला धरून उतरवून घ्या, आणि झोक्यापर्यंत तिच्यासोबत चालत या.